पळणाऱ्या मुलीचं ताट

मैत्रिणींनो, पळायला ताकद कशानं येते, असं काही वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं, तर मी बसल्या जागी दहा जिन्नस सांगितले असते. भिजवलेले बदाम, दुधात फोडलेली कच्ची अंडी, चमचाभर तूप, गूळ-फुटाणे, केळी, ग्लुकोजची पूड... आणि काय खायचं नाही, याची यादी तर त्याहून लांब! आमच्या घरात दोन पळणारी मुलं होती ना. त्यामुळे मी स्वतःला या विषयातली जाणकारच समजत होते. ते जाणकारपण कसं गळून पडलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर माझी चूक तुमच्या उपयोगी पडेल.

आम्ही राहतो चंद्रपूरला. आमचे हे वीज केंद्रात नोकरीला. धाकटे दीर गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या पुढे, धानाची शेती करतात. २०२३ साली वनरक्षकांच्या भरतीची जाहिरात निघाली आणि दिरांची मुलगी तयारीसाठी आमच्याकडे राहायला आली. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. लेखी परीक्षा झाली की मुलींना तीन किलोमीटर धावायचं, मुलांना पाच. निवड झालीच तर पुढे चालण्याची परीक्षा : मुलींनी चार तासांत सोळा किलोमीटर, मुलांनी पंचवीस. शेवटी जंगल पायानं तुडवायची नोकरी ती!

आमचा मुलगा तेव्हा पोलीस भरतीच्या मागे होता. त्याला सोळाशे मीटर धावायचं होतं. दोघं बहीणभाऊ सकाळी मिळून पळायला जायची. तुम्ही म्हणाल, पहाटे जात असतील. पण आमच्या भागात वाघ-बिबट्याचं भय. नीट उजाडल्याशिवाय पोरांना घराबाहेर सोडायची सोय नाही. आणि चंद्रपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. आठ वाजले की डोकं तापायला लागतं.

मुलगा एका अकादमीत जायचा. तिथल्या गुरुजींनी सांगितलेला आणि मोबाईलवर पाहिलेला प्रत्येक शब्द घरात कायदा झाला. कच्ची अंडी रोज चार. भात बंद, कारण भातानं सुस्ती येते आणि पोट सुटतं. पळण्याआधी आणि पळताना पाणी नाही, कारण पाण्यानं पोट जड होऊन दम लागतो. लिंबू, चिंच, दही वर्ज्य, कारण आंबटानं सांधे धरतात. आठवड्यातून दोन उपास, म्हणजे अंग हलकं राहतं. मी हे सगळं मन लावून पाळत होते. शेजारणींनाही सांगत होते!

पुतणीचं मात्र वेगळं. अंडी 'गरम' पडतात, वयात आलेल्या मुलीला रोज कशाला, म्हणून तिला अंडी नाहीत. बदाम महाग, ते मुलाला मोजून. पण बाकीचे कायदे तिलाही लागू! भात बंद, आंबट बंद, पाणी बंद, सोमवार आणि शनिवार उपास. ती पोर भारी समजूतदार. पळून आली की माझ्याबरोबर स्वयंपाकाला लागायची. आधी ह्यांना आणि मुलाला वाढायचं, मग सासूबाईंना, आणि शेवटी आम्ही दोघी. उरेल ती पोळी, तळाची भाजी आणि वर कपभर चहा. "अजून एक घे गं," म्हटलं की म्हणायची, "नको मोठीआई, पोट भरलं." मला वाटायचं, किती कमी खाते, गुणाची पोर!

सासूबाई तेवढ्या कुरकुरायच्या. त्या ब्रह्मपुरीकडच्या. म्हणायच्या, "भात नाई त पोरगी पळन कशी वं? आमी कण्यांची पेज पिऊन दिवसभर रोवणं करत होतो." मी हसून सोडून द्यायची. जुन्या माणसांचं असंच, नाही का?

ऑक्टोबरात एके दिवशी मुलगा तिला दुचाकीवर मागे धरून घेऊन आला. पळता पळता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याच्या कडेला बसली ती उठेनाच. ओठ पांढरेफटक. "मोठीआई, मले काई दिसतच नव्हतं," एवढंच म्हणाली. महिन्याभरापासून तिची वेळ वाढतच चालली होती. गुरुजी म्हणत होते, जोर कमी पडतो, मन लावत नाही. मीही दोनदा बोलले होते, "अगं, भावाबरोबरच तर पळतेस, मग मागे का राहतेस?" आज ते शब्द आठवले की लाज वाटते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाला बारा तरी हवं. शिवाय सिकलसेलची तपासणी केली. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. ज्यांच्यात तो दोन्हीकडून आला ते रुग्ण, एकीकडून आला ते नुसते वाहक. वाहक एरवी धडधाकट असतात, पण कडक उन्हात, पाणी न पिता जिवाच्या आकांतानं पळणं त्यांनाही घातक ठरू शकतं. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक मुलामुलीनं ही तपासणी आधी करून घ्यावी, असं त्या म्हणाल्या. आमच्या पोरीची ती तपासणी चांगली आली. तिचं दुखणं साधं होतं : रक्तात लोह नाही आणि पोटात पुरेसं अन्न नाही.

मग बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. काय खातेस? केव्हा खातेस? जेवणावर चहा घेतेस का? पाळी नियमित येते का? तर पोरीची पाळी दोन महिने आलीच नव्हती. ती मनात खूशच होती, पळायला सोयीचं म्हणून! बाई म्हणाल्या, "ही सोय नव्हे. कमी खाऊन जास्त पळालं की शरीर काटकसर करतं आणि आधी पाळी बंद करतं. पुढे हाडंही कमजोर होतात." शेवटी माझ्याकडे वळून सहज विचारावं तसं विचारलं, "घरात शेवटी कोण जेवतं?"

मैत्रिणींनो, मी काय उत्तर देणार?

घरी आले आणि मला चैन पडेना. वाचायची मला पहिल्यापासून आवड. वाचनालयातून पुस्तकं आणली, मुलाकडून मोबाईलवर शोधून घेतलं. तेव्हा कळलं की पळणाऱ्यांच्या खाण्याबद्दलच्या कल्पना काही आपल्याच अकादम्यांत जन्मलेल्या नाहीत. साऱ्या जगानं या बाबतीत गमती केल्या आहेत.

आता अंड्याचंच घ्या. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस गावी ऑलिंपिक भरलं. तिथल्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स नावाच्या धावपटूला त्याच्या माणसांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन नावाचं विष थोडं थोडं दिलं. पाणी मागितलं तर ते मात्र नाही! उन्हाचा, धुळीचा रस्ता. तो जिंकला खरा, पण दोघांनी दोन बाजूंनी धरून आणलेला, अर्धमेला. लोकांनी काय शिकावं? आणि अंडं कच्चंच का? बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ साली मोजून पाहिलं. शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. म्हणजे मुलाच्या चार कच्च्या अंड्यांतली दोन मी रोज वायाच घालवत होते. तीच उकडून दोघांना दोन-दोन दिली असती तर?

ताकद म्हणजे प्रथिनंच, ही समजूतही जुनी. एकोणिसाव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत की काम करताना स्नायू स्वतःच जळतात, म्हणून कष्टकऱ्याला मांसच हवं. १८६५ साली झुरिकचे दोन प्राध्यापक, फिक आणि विस्लिसेनस, यांनी ठरवलं की करूनच पाहू. आदल्या दिवसापासून प्रथिनं बंद. नुसत्या पिठूळ सत्त्वाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि गोड चहा एवढ्यावर ते स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले. चढ थोडाथोडका नाही, जवळजवळ दोन हजार मीटर! वाटेत स्वतःची लघवी जमवून तपासली. हसू नका, शास्त्र असंच पुढे जातं. त्यावरून दिसलं की अंगातली जेवढी प्रथिनं जळाली, तेवढ्यात ही चढाई होणंच शक्य नव्हतं. ताकद आली होती ती पिठातून आणि चरबीतून.

मग १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे गळून गेले होते त्यांच्या रक्तातली साखर उतरलेली. पुढच्या वर्षी त्यांना आधी भरपूर पिठूळ जेवण आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या, तर तीच माणसं ताजीतवानी पोचली. आणि १९६७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तर मांडीच्या स्नायूतला कण काढून पाहिला. पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद केले तेव्हा माणसं सायकल मारून तासाभरात थकली. नेहमीच्या जेवणावर पावणेदोन तासांच्या वर टिकली. भात, पाव, बटाटे असं भरपूर खाल्ल्यावर पावणेतीन तास!

हे वाचलं आणि मी उठून सासूबाईंपाशी जाऊन बसले. म्हटलं, "आई, तुमची पेज बरोबर होती." त्या म्हणाल्या, "मंग? आमाले काय येडं समजत होतीस?" तीन किलोमीटरच्या एका धावेला एवढा साठा लागत नाही, हे खरं. पण रोज पळायचं, रोज तो साठा रिकामा व्हायचा आणि रोज तो भरायचा, त्याला भातच लागतो. मी तोच बंद केला होता, तोही धान पिकवणाऱ्या घरातल्या पोरीचा.

पाण्याचंही तसंच. घाम गेला तेवढं पाणी अंगाला परत हवंच. नाहीतर रक्त दाटतं, अंग तापतं, चक्कर येते. पण म्हणून तांब्यामागून तांब्याही रिचवू नये. लांब धावताना नको तेवढं साधं पाणी ढोसल्यानं रक्तातलं मीठ उतरून माणसं दगावलेली आहेत. तहान लागली की थोडं थोडं प्यावं, हे सगळ्यांत बरं. कडक उन्हात घरचं साखर-मीठ-पाणी चांगलं : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्याहून मीठ वाढवू नये.

आणि आंबटाचं? इथं तर मी उलटीच गंगा वाहवली होती. पालेभाजीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, आणि जेवणावरचा चहा ते निम्म्याहून कमी करतो. मी लिंबू काढून घेतलं आणि चहा दिला! डॉक्टरीण बाईंनी फार छान समजावलं. म्हणाल्या, "हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहणारे हमाल. हमालच कमी असतील तर गोदामात माल भरून काय उपयोग? पोरगी मन लावत नव्हती असं नाही, तिच्या पायांपर्यंत हवाच पोचत नव्हती."

त्या दिवसापासून आमच्या घरात काय बदललं, ते सांगते. खर्च फारसा वाढला नाही बरं का. सकाळी पळण्याआधी तासभर एखादं केळं किंवा पोळी-गूळ. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जेवण : भात, घट्ट वरण, पालेभाजी, वर सांबार आणि लिंबाची फोड. भाजी लोखंडी कढईत. उकडलेली दोन अंडी, दोघांनाही. आठवड्यातून एकदा मासे किंवा कलेजी. आम्ही खातो म्हणून सांगते. ज्या खात नाहीत त्यांनी मोड आलेली कडधान्यं, हरभऱ्याची भाजी, तीळ, जवसाची चटणी यांवर भर द्यावा. चहा जेवणानंतर तासाभरानं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा, लिंबूपाण्याबरोबर, दूध-चहाबरोबर नाही. (त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. पण रक्त न तपासता आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नयेत.) पळण्याच्या दिवशी उपास नाही. आणि सगळ्यांत मोठा बदल : सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. ह्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. आता स्वतःच ताटं मांडतात.

मुलाचा मात्र आंबटावर विश्वास बसेना. म्हटलं, नको खाऊस बाबा! मनाचंही काही असतं. २००६ साली काही सायकलपटूंना साध्याच गोळ्या दिल्या आणि 'यात चहा-कॉफीतलं कॅफीन आहे' असं सांगितलं, तर ते खरोखरच जास्त जोरात गेले! म्हणून निरुपद्रवी समजुतीला मी आता हसत नाही. सासूबाई मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात. पोरीला वाटतं, त्या लाडवानंच पाय उचलतात. मोहफुलात साखर भरपूर, तिळात स्निग्धता, तेव्हा खाऊ दे की. ज्या समजुतीनं ताटात भर पडते ती राहू द्यावी. ज्या समजुतीनं ताटातलं काढून घेतलं जातं, तिला मात्र दहादा प्रश्न विचारावा. आणि काढून घेतलं ते कुणाच्या ताटातलं, हेही पाहावं.

कारण दम आपल्या मुलींत नाही, असं कुणी म्हणू नये. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. रानात, पाड्यांवर वाढलेल्या पोरी या. त्यांना जादूचं अन्न नको, पोटभर अन्न हवं.

तीन महिन्यांनी पोरीचं हिमोग्लोबिन ११.६ झालं. पाळी परत आली. गालावर रंग आला. धावण्याच्या परीक्षेच्या दिवशी तिनं सरावातली सगळ्यांत चांगली वेळ मोडली. मी मैदानाबाहेर पाण्याची बाटली आणि लाडवाचा डबा घेऊन उभी होते. निवड मात्र झाली नाही. यादी चार गुणांनी हुकली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री आम्ही दोघीही रडलो. मला राहून राहून वाटत होतं, जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे ते महिने मी तिला उपाशी ठेवून पळवली. ते महिने तिच्या बाजूचे असते तर? ती म्हणाली, "जाऊ द्या मोठीआई, पुढची भरती येईल ना." आता ती पुन्हा तयारी करते आहे, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेते.

एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीण बाई मला म्हणाल्या होत्या, "तुमचंही रक्त देऊन जा." मी म्हटलं, मला काय झालंय? मी कुठे पळते? पण दिलं. निघालं ९.२. जिना चढताना लागणारी धाप, संध्याकाळी गळून जाणारे हातपाय, याला मी वय समजत होते! आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त असंच कमी आहे, हे मला तिथं कळलं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात पळणारी मुलगी असो वा नसो, पहाटेपासून रात्रीपर्यंत पळणारी एक तरी बाई प्रत्येक घरात असतेच. तिचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं? आणि आज ती कितव्या पंगतीला जेवली?